न मोडता बघायची खोली

"मोडून बघायची मशीन इथेच ना?" दारातून डोकावत त्यानं विचारलं. ओंजळीत प्लास्टिकच्या बिजागऱ्या, केसांवर पावसाचे थेंब.

"ती शेजारी. इथे आम्ही न मोडता बघतो," मी म्हणाले.

तो थबकला... आणि शेजारी गेलाच नाही.

तो साचे बनवायचा. गुडघ्याला बांधायच्या आधाराची ही बिजागरी, वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून केलेली. वरून चकचकीत, पण खिळीपाशी तडकायची.

"माझी ताई हीच लावून चालते. परवा जिन्यात पडता पडता वाचली. मालक म्हणतात, हा माल बंदच करू."

मी एक बिजागरी यंत्रात बसवली. ती हळूहळू फिरणार, बारीक क्ष-किरण तिच्यातून जाणार. प्लास्टिक गोठताना आत जे बारीक स्फटिक तयार होतात, ते किरण कसे विखुरतात, त्यावरून संगणक तिच्या पोटातलं चित्र उभं करणार.

"संध्याकाळ होईल. जाऊन या."

"बसलो तर चालेल?"

"बसा. पण टेबलाला धक्का नको."

"श्वास घेतला तर?"

"बेतानं घ्या."

तो हसला. मी उगाचच पडद्याकडे बघत राहिले – पडद्यावर अजून काहीच नव्हतं.

संध्याकाळी रंग उमटले. "हे बघा, बाकी स्फटिक नीट वाढलेत. खिळीपाशी मात्र साचा फार थंड. प्लास्टिक घाईनं गोठतंय, स्फटिकांना वाढायला वेळच मिळत नाही. म्हणून तिथेच तडकते."

"म्हणजे जाडी वाढवून उपयोग नाही?"

"नाही. तिथे साचा गरम ठेवा. आणि काढायची घाई नको."

"घाई माझ्या स्वभावातच नाही," तो म्हणाला. बघत होता माझ्याकडे.

साचा सुधारत तो येत राहिला. एकदा चित्र अगदी हवं तसं आलं... आणि त्याचं येणं थांबलं. आता कामच काय उरलं होतं? दार वाजलं की माझी मान मात्र वर व्हायची.

शेवटी मीच रजा टाकली आणि त्याच्या कारखान्यात गेले.

मला पाहून त्याच्या हातातला पाना खाली पडला. एवढ्यात आतून एक बाई आल्या – गुडघ्याला आधार, चाल ठणठणीत.

"हीच का रे ती?" त्यांनी विचारलं. "घरी दुसरा विषय नाही, आणि जा म्हटलं की म्हणतो, काय निमित्त सांगू!"

"ताई!" तो कानापर्यंत लाल झाला.

"मी कुठे निमित्त घेऊन आलेय?" मी म्हणाले.

ताई गालात हसत आत गेल्या. तो पाना उचलायचं विसरून जवळ आला.

"तू... थांबशील ना थोडा वेळ?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता.

"थोडाच?" मी विचारलं.