साडेबाराचा फोन

सकाळी ती काउंटरमागे गेली, तर टेबलाखालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत मोजे, आणि बूट शेजारी जोडीनं मांडून ठेवलेले. चोर काही बूट काढून चोरी करत नाही, एवढं तिलाही कळत होतं. तरी ती किंचाळलीच.

"घाबरू नका, फोनवाला आहे," आतून आवाज आला. पाठोपाठ डोकं आपटल्याचाही. "म्हणजे... आत्तापर्यंत तरी होतो."

नऊ वर्षं ती या कंपनीत ऑपरेटर होती. चाळीस टेबलांचे फोन तिच्या हातून जोडले जात. "नमस्कार, कुणाशी बोलायचंय?" हे ती दिवसातून दोनशेदा म्हणायची, आणि नऊ वर्षांत एकाही माणसानं "तुमच्याशी" असं उत्तर दिलं नव्हतं. घरी एक खोली. तिथं रविवारी थोरल्या बहिणीचा फोन यायचा, तोही मुलांच्या गलबल्यात निम्मा बुडालेला. सवय झाली, असं ती सगळ्यांना सांगायची. झाली नव्हती.

फोनवाल्यानं जुना फोन काढून नवा बसवला. छोटा पडदा, बाजूला बटणांची रांग, प्रत्येक बटणाशी एक दिवा.

"हिरवा म्हणजे तो माणूस मोकळा. लाल म्हणजे बोलतोय. बसल्या जागी सगळ्यांची खबर!"

"आणि माझा दिवा कुणाला दिसतो?"

तो अडखळला. "तुमचा... कुणाच्या फोनवर लावायला सांगितलेला नाही."

"वाटलंच," ती हसून म्हणाली. त्याला ते हसू पटलं नसावं, कारण घट्ट बसलेला स्क्रू तो पुन्हा पिळत राहिला.

तीन दिवस शिकवणी चालली.

"हा होल्ड. थांबवून ठेवलेल्या माणसाला विसरलात, तर मिनिटभरानं फोन आपणहून टुकटुक करतो."

"माणसांना बसवून मिळतं का असलं काही?"

"का? तुम्हाला कुणी विसरलंय?"

"विसरायला आधी लक्षात ठेवावं लागतं, महाराज!"

तो हसला, पण नजर वर न करता.

सगळ्यात मोठी सोय जेवणाची. इतकी वर्षं ती एका हातात रिसीव्हर धरून काउंटरवरच दोन घास गिळायची. आता साडेबारा ते एक, वीस सेकंदांत फोन उचलला नाही, की तो निरोप नोंदवणाऱ्या यंत्राकडे जाणार होता. तिसऱ्या दिवशी त्यानं पिशवी आवरली.

"बरं मग... काही अडलं तर—"

"नाही अडणार. फार नीट शिकवलंत तुम्ही."

तो गेल्यावर तिनं कपाळावर हात मारून घेतला. अडेल हो, रोज अडेल, असं म्हणायला काय जिभेला हाड होतं?

जेवणाच्या खोलीत सगळ्यांची टोळकी कधीच ठरून गेली होती. ती खिडकीपाशी एकटीच बसू लागली. दोन आठवडे झाले, आणि तो मेला फोन काही बिघडेना.

मग एक दिवस नेहमीचे एक गिऱ्हाईक म्हणाले, "तुमचे दुपारचे साहेब फार गोड बोलतात हो! काल म्हणाले, बाई जेवताहेत, एकपर्यंत त्यांना सुखानं जेवू द्या."

दुपारचे साहेब? असं कुणी कंपनीत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला खिडकीपाशी बसून तिनं आपल्या मोबाइलवरून ऑफिसलाच फोन लावला. वीस सेकंद गेले.

"नमस्कार. बाई जेवताहेत, एक वाजता—"

"बाई जेवत नाहीयेत. बाई तुमच्याशी बोलताहेत."

पलीकडे डब्याचं झाकण खणकन पडलं.

"चाचणीसाठी यंत्राच्या जागी माझा नंबर घातला होता," तो शेवटी म्हणाला. "काढायचा राहिला. शपथ!"

"लक्षात कधी आलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग?"

"दोन मिनिटांचं काम आहे हो. पण... तुमच्याकडचा फोन माझ्याकडे आला की कळायचं, तुम्ही डबा उघडला. मग मीही उघडायचो. मी एकटाच जेवतो ना, कुणाच्या तरी टेबलाखाली."

राहू द्या तसाच, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नऊ वर्षांची नोकरी बोलली, "साहेबांना कळलं तर तुमचं काम जाईल. आजच काढा तो नंबर."

"काढतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला उठलीच नाही. बंद डबा पुढ्यात घेऊन काउंटरवर बसून राहिली. आपल्याच हातानं दोर कापला होता, आता बोल कुणाला लावायचा? साडेबारा वाजले. मग बारा पस्तीस झाले. समोर चाळीस दिवे आपले हिरवे-लाल होत होते.

फोन वाजला.

"नमस्कार, कुणाशी बोलायचंय?"

"तुमच्याशी."

बोट सवयीनं बटणावर गेलं आणि तिनं त्याला चक्क होल्डवर टाकलं! मग दोन्ही हातांत तोंड लपवून ती रडली, की हसली, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मिनिटभरानं फोन टुकटुकला.

"आहात का?" तिनं घाबरत विचारलं.

"आहे की. डबा मांडीवर घेऊन बसलोय."

"आज कुणाच्या टेबलाखाली?"

"आज... तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर."

तिनं काचेतून पाहिलं. बाकावरून एक हात वर झाला, जरासा संकोचतच.

"थांबा, मी आले."

डबा उचलून ती दाराबाहेर पडते न पडते, तोच मागे फोन पुन्हा वाजू लागला. तिनं वळून पाहिलं नाही. वीस सेकंद वाजून तो यंत्राकडे गेला. बाई जेवत होत्या.