आडवी खुर्ची

"माझी शाल! इथेच होती!"

मार्लेनबाईंचा आवाज बुर्साच्या रेशीमबाजारातल्या गल्लीत घुमला. समोरच्या गाळ्यात रुमालांना झालर शिवणाऱ्या नेसरीनने आधी मांडीवरच्या दहा महिन्यांच्या इंजीला घट्ट धरलं, मग वर पाहिलं. इंजीच्या कपाळावर ताजं टेंगूळ होतं.

गेले तीन दिवस या जर्मन बाई एकट्याच बाजार हिंडत होत्या. शाल त्यांच्या आईची, आई बुर्साची. त्या शालीला जोड शोधायला आल्या होत्या. दुपारची बांग झाली तशी शालींचं दुकान असलेल्या साबरीने ती ठेवून घेतली, "नमाजनंतर या," म्हणाला आणि दारात खुर्ची आडवी टाकली. खुर्ची आडवी म्हणजे मालक नाही. मग आत कोणी पाऊल टाकत नाही. कुलपाची गरज या गल्लीला कधी पडलीच नव्हती.

"मी सगळ्यांबरोबर मशिदीत होतो," साबरी म्हणाला. भर जूनमध्ये त्याचं जाकीट गळ्यापर्यंत बंद होतं. "गल्लीत मागे उरला तो चहावाला."

चहावाल्या रिझाने हातातले पेले खाली ठेवले. "तीस वर्षं चहा पाजतोय तुला, साबरी!"

"म्हणूनच तुझ्याकडे कोणी बघत नाही."

बाजारातले वडीलधारे मुहसिनचाचा खाली बघत म्हणाले, "रिझा, संध्याकाळी किटली उचल आणि बाजार सोड. बाजाराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

नेसरीनचा नवरा जहाजावर, सहा महिने झाले. अख्ख्या दिवसात "जेवलीस का, पोरी?" असं विचारणारा एकच माणूस, रिझा. पण बोलावं तर टेंगळाचंही सांगावं लागणार. मग बायका विचारणार, आईचं लक्ष कुठे होतं?

ती उठली.

"साबरीभाई, नमाजहून कधी आलात?"

"सांगितलं ना, सगळ्यांबरोबर. तू आपली सुई बघ."

"आज मंडळींना उशीर झाला. जनाजा होता म्हणे."

"होता. म्हणूनच उशीर."

"बाईचा की पुरुषाचा?"

"हा काय प्रश्न झाला?" साबरीने कपाळ पुसलं. "पुरुषाचा. म्हातारा होता बिचारा."

मुहसिनचाचांनी सावकाश मान वर केली.

"बाई होती, साबरी. वृद्धाश्रमातली. तिचं कोणी नव्हतं, खांदा आम्हीच दिला. बाईसाठी नमाज आहे, असं इमामांनी मोठ्याने सांगितलं. तिथे असणाऱ्याला हे ठाऊक नसेल कसं?"

"कारण ते तिथे नव्हतेच," नेसरीन म्हणाली. "गल्ली रिकामी झाल्यावर परत आले. इंजी यांची खुर्ची धरून उभी राहते. मी सुईत दोरा ओवत होते... माझं लक्ष नव्हतं. धप्प आवाज आला. पोर खाली, खुर्ची बाजूला सरकलेली. वाटलं, हिनेच ढकलली. उचलून रिझाभाईंकडे धावले. त्यांचे दोन्ही हात साबणाच्या पाण्यात होते. त्यांनी टेंगळावर थंड चमचा दाबून धरला. परत आले, तर खुर्ची पुन्हा दारात आडवी आणि गल्लीत अजून कोणी नाही."

"दहा महिन्यांचं पोर खुर्ची ढकलेल, चाचा. परत जागेवर ठेवणार नाही."

"आणि शाल?" मार्लेनबाईंनी विचारलं.

"या उकाड्यात जाकीट कोण बंद करतं?"

साबरीने जाकिटाची बटणं सोडली. पोटाला गुंडाळलेली किरमिजी शाल उलगडली. "असं विणकाम आता कोणालाच येत नाही," तो पुटपुटला. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

"रिझा, किटली राहू दे. मला माफ कर," चाचा म्हणाले.

शाल अंगाभोवती लपेटून मार्लेनबाई स्टुलावर बसल्या. "त्या वारलेल्या बाईंचं नाव काय होतं?"

चाचा म्हणाले, "विचारायचं राहिलं."

तिसऱ्या प्रहराची बांग झाली. एकेका दारात खुर्ची आडवी पडली, पावलं लांब गेली. गल्लीत दोन बायका उरल्या, आणि किटली.

"जेवलीस का, पोरी?" रिझाने विचारलं.

नेसरीनने मान हलवली, नाही म्हणून. मग सुई डबीत ठेवली, झाकण लावलं, आणि नजर न हलवता इंजीला आडव्या खुर्चीशी उभं केलं.