लाल गाडीचं फुस्स!

"ढकला! अजून जोरात!" स्टीअरिंगमागून बाबा ओरडले.

निकितानं खांदा लावला. तिचा धाकटा भाऊ गोलू आणि मंगरूळपीरहून सुट्टीला आलेला आतेभाऊ प्रज्वल शेजारी धापा टाकत होते. गाडी कशीबशी लिंबाच्या सावलीत आली. बाबांनी, म्हणजे शालिग्रामभाऊंनी, महिन्यापूर्वी घेतलेली ही जुनी लाल गाडी वाशीमच्या रस्त्यावर पुन्हा बंद पडली होती. मागच्या सीटवर आजी डोळे मिटून पडली होती. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे, आणि एसटीत आता तिला बसवत नव्हतं.

"पोट्टे पोहायले जातात, आमी गाडी ढकलून राह्यलो!" गोलू कुरकुरला.

निकिताला हसायचंही त्राण नव्हतं. पंधरा मिनिटांनी गाडी मुकाट्यानं चालू झाली. नेहमीसारखीच!

मेकॅनिक मोहनसिंगनं बॅटरी बदलली, प्लग बदलले. गावातल्या गावात फिरवली की गाडी झक्कास! "माह्या हातात तं बंद पडत नाही भाऊ. तुमालेच चालवता येत नसन!" तो हसायचा. बाबा खाली मान घालून परतायचे. निकिताला ते पाहवत नसे.

"प्रज्वल, गाडी किती वेळानं बंद पडते ते आपुन लिहून ठेवू," ती म्हणाली.

तिघांनी वहीत नोंदी केल्या. सत्तावीस मिनिटं. सव्वीस मिनिटं. आणि टाकी काठोकाठ भरली त्या दिवशी फक्त अकरा!

"भरल्यावर लवकर बंद? हे तं उलटंच झालं!" प्रज्वल डोकं खाजवू लागला.

"म्हणजे भानगड टाकीत हाय," निकिता हळूच म्हणाली.

पुढच्या खेपेला गाडी थांबताच ती ढकलायला गेलीच नाही. तिनं सरळ पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवलं.

फुस्स!

"बाबा, लावा चावी!"

पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू! गोलू उड्या मारू लागला.

"टाकीनं हवा आत ओढली!" निकिता म्हणाली. "पेट्रोल कमी झालं की तेवढी हवा आत जायले पाहिजे. नाही गेली तं पेट्रोल पुढं येतच नाही."

"अन् भरल्या टाकीत आधीच हवा कमी, म्हणून लवकर बंद!" प्रज्वल ओरडला.

झाकणाच्या आत टायरच्या ट्यूबचं जाड रबर कापून बसवलं होतं. हवेचं बारीक भोक जवळजवळ बुजलं होतं! गाडी थांबली की हवा हळूहळू आत झिरपायची, म्हणून पंधरा मिनिटांनी ती चालू व्हायची.

परतताना ते गॅरेजवर थांबले. निकितानं साळसूदपणे विचारलं, "मोहनसिंगकाका, हे रबर कोनं बसवलं? लय फिट्ट हाय!"

"म्याच!" तो छाती फुगवून म्हणाला. "तुह्या आजीले पेट्रोलचा वास यायचा ना!"

"त्याच दिवसापासून गाडी बंद पडते," निकितानं वही पुढं केली.

मोहनसिंगनं वही वाचली, झाकण पाहिलं. त्याचं हसू मावळलं. "हवेचं भोक ठेवाचं इसरलोच मी, शालिग्रामभाऊ. चूक माहीच हाय." त्यानं नवं झाकण स्वतःच्या हातानं बसवलं.

पुढच्या वेळी गाडी कुठंच थांबली नाही. दवाखान्याच्या दारात आजीनं डोळे उघडले. "काहून थांबलो? पुन्हा बंद पडली का बाप्पा?"

"वाशीम आलं आजी!"

आजी उठून बसली. मग तिनं तिघांच्याही तोंडावरून हात फिरवला. "लय सोसलं रे पोरंहो तुमी माह्यापायी."

आजीला आत नेलं. थोड्या वेळानं बाबा बाहेर आले, तर तिघं बाकावर एकमेकांच्या अंगावर कलंडून गाढ झोपलेली! नर्स त्यांना उठवायला निघाली.

"राहू द्या सिस्टर," बाबा हलकेच म्हणाले. "मोठ्या मानसाले जमलं नाही ते करून आले हे."