हिरव्या मधाचा माग

“मावशी! मावशी गं, लवकर ये! मधाला काहीतरी झालंय!”

गोटी इतक्या जोरात किंचाळली की भिंगरीच्या हातातली सुरी पोळ्याच्या मेणावरून घसरली. मध काढायचं यंत्र गरगर फिरत होतं. त्याच्या तोटीतून खालच्या बरणीत मधाची जाड धार पडत होती. पण ती सोनेरी नव्हती. चक्क हिरवी होती! रंगपेटीतल्या खडूसारखी हिरवीगार!

मावशी हात पुसत आली आणि जागच्या जागी थबकली. चौदा वर्षं ती मधमाश्या पाळत होती. परसात तिच्या अकरा पेट्या होत्या. असला मध तिने जन्मात पाहिला नव्हता.

गोटी दहा वर्षांची, गोल आणि टणक. तिची ताई बारा वर्षांची. ती एका जागी कधी बसत नसे, म्हणून भिंगरी. दोघी सुट्टीसाठी मावशीकडे आल्या होत्या. मावशीचा मुलगा तेरा वर्षांचा. तो जेवतानाही पुस्तक मिटत नसे, म्हणून त्याचं नाव पडलं पुस्तक्या. आत्ताही तो पुस्तक काखेत मारूनच धावत आला.

“आई, हे विषारी तर नसेल ना?”

मावशी उत्तर देणार, तोच फाटक वाजलं. मध संघाच्या तपासनीस बाई! दर हंगामात त्या नमुना न्यायला येत. नेमक्या आजच आल्या. बरणी उचलून त्यांनी उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“यात रंग घातलाय?”

“नाही हो! मी कशाला घालू?” मावशीचा आवाज कापला.

“माश्या काही हिरवा मध करत नाहीत, बाई. परवा सकाळी मी पुन्हा येते. तोवर कारण सापडलं नाही, तर तुमचं नाव संघाच्या यादीतून काढावं लागेल. माझा इलाज नाही.”

त्या गेल्या.  मावशीने यंत्र धुवायला घेतलं आणि तेच भांडं तीनदा धुतलं. 

“आपण शोधायचं!” भिंगरी म्हणाली. “माश्या कुठून तरी हिरवं काहीतरी आणतायत. त्यांच्या मागे धावायचं!”

“त्या ताशी वीस-पंचवीस किलोमीटरने उडतात,” पुस्तक्या म्हणाला. “धाव बघू!”

“मग काय त्यांना पत्ता विचारायचा?”

“हो! त्या सांगतात. नाचून!”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. पुस्तक्याचं डोकं फिरलं की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याने त्यांना पडवीतल्या काचेच्या पेटीपुढे बसवलं. ही पेटी मावशीने शाळांच्या सहलींना दाखवायला केली होती. वरचं झाकण काढलं की काचेआड उभं पोळं दिसे. हजारो माश्यांची नुसती लगबग चाललेली! त्या गर्दीत एक माशी शेपटाकडचा भाग थरथरवत सरळ रेषेत चालली, वळसा घालून मागे आली आणि पुन्हा तशीच थरथरत निघाली.

“हिचं पोट दुखतंय का?” गोटीने विचारलं.

“अगं, हाच तो नाच! पोळ्यात अंधार असतो. तिथे सूर्य कुठून दिसणार? म्हणून माश्यांनी ठरवलंय, वर म्हणजे सूर्याकडे. ती सरळ वर नाचली, तर खाऊ सूर्याच्या दिशेला. उजवीकडे झुकून नाचली, तर सूर्यापासून तेवढंच उजवीकडे. आणि थरथर जितकी लांब, तितकी जागा दूर. साधारण एका सेकंदाला एक किलोमीटर.”

“गप्पा!” भिंगरी म्हणाली. पण ती नाक काचेला चिकटवून बसली होती.

“पण हिला हिरवंच सापडलंय कशावरून?” गोटीने खोच काढली. तेवढ्यात नाचणारी माशी थांबली. दुसरीने तिच्या तोंडाला तोंड लावलं. दोघींच्या मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा थेंब चमकला.

“हिरवा!” गोटी ओरडली. “ती चव देतेय!”

मग काय विचारता! पुस्तक्याने दोऱ्याला खिळा बांधून काचेवर ओळंबा सोडला. भिंगरीने कोनमापक धरला. गोटीने मावशीच्या घड्याळावर सेकंद मोजले. वीस नाच मोजून झाले. कोन, उजवीकडे चाळीस अंश. वेळ, दीड सेकंद.

“म्हणजे दीड किलोमीटर! चला!”

“आधी खाऊन घ्या,” आतून मावशीचा आवाज आला. मावशीचं खाऊन घेणं म्हणजे दोन तासांची निश्चिंती. तिघं निघाले तेव्हा दहा वाजून गेले होते. सूर्याकडे तोंड करून चाळीस अंश उजवीकडे वळले आणि पावलं मोजत चालू लागले. दीड किलोमीटरवर लागलं एका लाँड्रीचं अंगण. दोऱ्यांवर शेकडो चादरी वाळत होत्या.

“हिरवं?” लाँड्रीवाले काका खो खो हसले. “माझ्याकडे काही हिरवं निघालं ना, तर गिऱ्हाईक मला फाडून खाईल!”

तिघं घामाघूम होऊन परतले. भिंगरी तणतणत पेटीकडे गेली आणि पुन्हा कोन मोजला. मग तिचे डोळे विस्फारले.

“आता तर त्या डावीकडे नाचतायत! खोटारड्या मेल्या!”

पुस्तक्याने कोनमापक हिसकावला. खरंच, डावीकडे दहा अंश! तो पायरीवर मटकन बसला. पुस्तकात हे कुठेच नव्हतं. निदान त्याला तरी आठवत नव्हतं.

गोटी अंगणात उभी राहून स्वतःची सावली निरखत होती. “सकाळी माझी सावली विहिरीकडे होती,” ती म्हणाली. “आता कुंपणाकडे आहे.”

“मग?”

“मग सूर्य सरकला ना! जागा तिथेच आहे, सूर्य हलला. म्हणून माश्यांनी कोन बदलला. त्या बरोबर आहेत. आपण आठचा कोन दहाच्या सूर्याला लावला!”

 पुस्तक्याने तिला उचलून गरकन फिरवलं. “गोटे, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस, आणि हे मी एकदाच म्हणणार आहे!”

या वेळी त्यांनी अजिबात उशीर केला नाही. नाच मोजला आणि त्याच मिनिटाला अंगणात खडूने बाण काढला. मावशीने गावाचा नकाशा पसरला. बाणाच्या दिशेने पट्टी ठेवून दीड किलोमीटरवर बोट टेकवलं. बोटाखाली होता सिरपचा कारखाना!

कारखान्याच्या मागच्या गल्लीत पोचताच गुणगुण ऐकू आली. भिंत जेमतेम छातीएवढी, वर जाळी. पलीकडे टाकाऊ सिरपची सात पिंपं, सगळी उघडी! एकात लाल, दोनात पिवळं, चारात हिरवं. आणि हिरव्याच्या काठाकाठाला माश्याच माश्या!

तिघं धावत पुढच्या दाराशी गेले. व्यवस्थापक काकांनी मोबाइलवरून मानही वर केली नाही.

“माश्या? आमच्याकडे एकही नाही. सगळी पिंपं घट्ट झाकलेली असतात. पळा!”

“पण काका, आत्ता आम्ही स्वतः...”

“पळा म्हटलं ना!”

मावशीने कळवल्यावर तपासनीस बाईंनी संध्याकाळी कारखान्यात फोन केला, तेव्हाही व्यवस्थापक काकांनी हेच सांगितलं. बाई मावशीला म्हणाल्या, “मुलांच्या शब्दावर मी अहवाल कसा लिहू? पुरावा हवा.”

“पुरावा ना? देऊ की!” भिंगरी म्हणाली आणि स्वयंपाकघरातून पिठाची चाळणी घेऊन आली.

सकाळी दहा वाजता तपासनीस बाई काचेच्या पेटीपुढे खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारी मावशी आणि हातात घड्याळ घेतलेली गोटी. तिकडे गल्लीतल्या एका दगडावर भिंगरी आणि पुस्तक्या. दहा वाजून पाच मिनिटांनी भिंगरीने जाळीतल्या फटीतून चाळणी आत धरली आणि हलकेच टिचकी मारली. पांढरी धूळ पिंपांवर उतरली. माश्यांच्या पाठी पांढऱ्या झाल्या.

“ए! काय टाकताय रे?” व्यवस्थापक काका तरातरा धावत आले. “माझ्या पिंपात पीठ टाकलंत?”

 भिंगरी दगडावरून खाली उतरली नाही.

“कुठल्या पिंपात, काका?”

“या! या समोरच्या!”

“पण ती तर घट्ट झाकलेली असतात ना? मग पीठ आत कसं पडलं?”

 एक पिठाळ माशी काकांच्या नाकावर येऊन बसली. काका पुतळ्यासारखे स्तब्ध!

“हलू नका, काका,” पुस्तक्या अदबीने म्हणाला. “ती आपोआप जाईल. आमच्या घरी.”

दहा वाजून तेरा मिनिटं. काचेच्या पेटीच्या दाराशी पांढऱ्या पाठीची एक माशी उतरली आणि आत शिरली. मागून दुसरी. तिसरी!

“आल्या!” गोटी उभ्या उभ्या उड्या मारू लागली. “बाई, बघा, आता ती नाचेल!”

आणि ती नाचली. पाठीवर पिठाची पूड घेऊन ती थरथरत चालली, वळली आणि पुन्हा चालली. मग शेजारणीला थेंब दिला. तपासनीस बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.  मग ताडकन उठल्या. “गाडी काढते. चला कारखान्यावर!”

दुपारपर्यंत सातही पिंपांवर झाकणं चढली. वर ताडपत्रीही बांधली गेली. व्यवस्थापक काका स्वतः मावशीकडे आले. “माझा हलगर्जीपणा झाला, ताई,” असं म्हणताना ते जमिनीकडे बघत होते. हिरवा मध अर्थात बाजारात गेला नाही. पण मावशीचं नाव यादीत राहिलं.

“वीस वर्षं मी बरण्या तपासतेय,” तपासनीस बाई म्हणाल्या. “माश्यांकडे असं बघावं हे कधी सुचलंच नाही. शाब्बास, पोरांनो!” त्यांनी अहवाल पुढे केला. ‘कारण कोणी शोधले’ या रकान्यात त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन मुले आणि पांढऱ्या पाठीच्या काही माश्या.’

मावशीने ते दोनदा वाचलं. मग तिघांना एकदमच जवळ ओढलं, इतकं घट्ट की पुस्तक्याचा चष्मा वाकडा झाला.

“सोड ना, आई!” तो गुदमरत म्हणाला. पण स्वतः मात्र जराही हलला नाही.