मागे जागा नसलेली गाडी

सांगते ते खरं आहे. गोष्टी रचण्याचा मला नाद नाही, आणि या वयात रचून मिळवायचं तरी काय? ज्यांच्यावर हे ओढवलं ते माझे सख्खे धाकटे दीर. शेवटचं थोडंसं तर मी माझ्या फाटकात उभी राहून या डोळ्यांनी पाहिलंय.

शुक्रवार होता. दिवस मावळायची वेळ. जागा म्हणजे भाऊजींच्या घरामागची पत्र्याची खोली, त्यांचं वर्कशॉप.

आत भाऊजी एकटेच होते.

निदान बघणाऱ्याला तसं वाटलं असतं…

भाऊजींचं काम जगावेगळं. मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत पळवायच्या ज्या मोटोक्रॉसच्या गाड्या असतात ना, त्या नवीन आल्या की आधी यांच्याकडे यायच्या. हे चालवून बघायचे. कुठे ओढते, कुठे अडखळते, वळणात पुढचं चाक धरतं की बाहेर पळतं, सगळं सांगायचे. मग चालवणाऱ्याच्या अंगाला बसेल अशी ती गाडी लावून द्यायचे.

हो, अंगालाच. कपडा बेततात तशी.

माझी जाऊ शिवणकाम करायची, त्यामुळे हे तिला माझ्याआधी कळलं. या गाडीत सगळा खेळ मागच्या स्प्रिंगचा. चालवणारा वर बसला की गाडीचा मागचा भाग साधारण तळहाताच्या रुंदीएवढा खाली बसायला हवा. जास्त बसला तर स्प्रिंग त्या वजनाला ढिली. कमी बसला तर घट्ट, मग गाडी उडीवर लाथ मारते.

हे मोजायला दुसरं माणूस लागतं. एकाने वर बसायचं, दुसऱ्याने चाकाच्या आसापासून मडगार्डापर्यंत टेप धरायची.

ती दुसरी म्हणजे माझी जाऊ. गळ्यात शिवणाची टेप, तोंडात टाचण्या. त्यामुळे तिचं बोलणं नेहमी बंद ओठांतून यायचं.

"हं. बसा नीट. श्वास सोडा. अहो, पोट आत ओढू नका, गाडी फसायची नाही त्याला!"

भाऊजी हसले की गाडी हलायची. मग ही पुन्हा मोजायची आणि पुन्हा ओरडायची.

आणि दर नव्या गाडीला तिचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असायचं. सीटवरून हात फिरवत म्हणायची, "एवढ्या गाड्या आल्या नि गेल्या, पण एकीवरही मला बसायला जागा नाही."

"रेसच्या गाडीवर मागे कोण बसतं गं?"

"मी बसले असते."

खरंच जागा नसते तिथे. सीट म्हणजे चिंचोळी पट्टी. मागे पाय ठेवायलासुद्धा काही नाही. उभी करायला स्टँडही नसतो; लोखंडी पेटीवर चढवून ठेवतात. भाऊजींनी आयुष्यभर अशाच गाड्या हाताळल्या. घरात साधी, दोघांनी बसायची मोटरसायकल कधी आलीच नाही. आणू, आणू म्हणत राहून गेलं.

मग ती आजारी पडली. गेली.

त्यानंतर भाऊजी वाळत गेले. मी डबा पाठवायची. तो अर्धा भरलेलाच परत यायचा. वर्कशॉपमध्ये तिची टेप खिळ्याला टांगलेली होती. तिला त्यांनी हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही.

मी म्हटलं, "भाऊजी, मापाला मी येऊ का? दिसतंय मला अजून."

"नको वहिनी. मी एकट्याने करायची युक्ती काढलीय."

युक्ती साधी होती. गाडी पट्ट्यांनी भिंतीला उभी बांधायची. मडगार्डाला एक पेन्सिल, तिच्यासमोर फळीवर चिकटवलेला कागद. आपण चढून बसायचं. गाडी खाली बसली की पेन्सिल कागदावर रेघ ओढते. उतरून रेघ मोजायची.

एकटं माणूस काय काय शिकतं.

तर त्या आठवड्यात नवी गाडी आली. माझ्या मुलीसाठी. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणापासून एका जागी ठरली तर शपथ. रविवारी तिची मोठी शर्यत. ती नोकरीच्या गावाहून शुक्रवारी येणार आणि तोवर काकाने गाडी लावून ठेवायची, असं ठरलं. भाऊजी इतके उतरले होते की त्यांचं आणि तिचं वजन सारखंच झालं होतं. म्हणून ते स्वतःच्या अंगावरच गाडी बेतणार होते.

पहिल्या दिवशी ट्रॅकवरून येताना माझ्याकडे डोकावले. कितीतरी दिवसांनी डोळ्यांत चमक दिसली.

"इंजिन फार गुणी आहे, वहिनी. खालूनच ओढतं, पण हिसका देत नाही. ब्रेक लोण्यासारखे. फक्त…"

"फक्त काय?"

"मागून जड वाटते. उडीवरून उतरली की धप्पकन टेकते. वळणात पुढचं चाक हलकं होतं, बाहेर पळतं. मागे पोतं बांधल्यासारखं."

"मग स्प्रिंग ढिली असेल."

ते हसले. "तुम्हालापण शिकवून गेली वाटतं."

घरी जाऊन त्यांनी मापं घेतली. रेघ फार खाली गेली होती.

त्यांनी हातोडी आणि छिन्नी घेऊन स्प्रिंगवरची चकती फिरवली, स्प्रिंग आवळली. पुन्हा बसले. पुन्हा रेघ खालीच.

अजून आवळली. एवढ्या वजनाला एवढी कधी लागली नव्हती. पण कागद काय खोटं बोलतो?

शेवटी रेघ हवी तिथे आली.

आणि तेव्हाच…

कानामागून, अगदी जवळून, बंद ओठांतला आवाज आला.

"हं."

भाऊजींनी मान वळवली.

कुणी नव्हतं. भिंत. खिळा. टेप.

पत्रा तापला की वाजतो, असं त्यांनी मनाला सांगितलं. पण उतरायची घाई केली नाही. नंतर मला म्हणाले, "भीती नाही वाटली, वहिनी. उलट बरं वाटलं. तेच वाईट झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पळवून पाहिली. अंगात घातलेल्या सदऱ्यासारखी बसली होती. धप्प नाही, वळणात पळणं नाही. ट्रॅकला त्यांनी उगाचच फेऱ्या मारल्या. घरी जायचं मनच होईना.

शुक्रवारी दुपारी भिंगरी आली. हेल्मेट चढवलं, किक मारली.

पहिली लहानशी उडी. रोज भाऊजी जी सहज घ्यायचे ती.

मागचं चाक खेचरासारखं लाथ मारून वर उठलं. पोर हँडलवरून पुढे फेकली गेली.

भाऊजी धावले. तोवर ती उठून बसली होती. कोपर सोललं होतं, ओठ फुटला होता. नशीब, तेवढ्यावर भागलं. मोठ्या उडीवर असती तर आज हे सांगायला मी राहिले नसते.

तोंडातली माती थुंकत ती म्हणाली, "काका, गाडी कुणासाठी लावलीस ही? दोघांसाठी?"

चेष्टाच होती तिची.

भाऊजींनी मात्र आवळलेल्या स्प्रिंगकडे पाहिलं.

"रविवारी हीच गाडी चालवणार हं मी," ती लंगडत म्हणाली. "तू नीट करशील. तूच करू शकतोस."

भाऊजींनी गाडी घरी नेऊन वर्कशॉपमध्ये बांधली, चालवताना घालतात ते सगळं अंगावर चढवलं आणि ते तडक कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. बूट, हेल्मेट, सगळ्या सरंजामासकट वजनाच्या काट्यावर उभे राहिले. कंपाउंडर बघतच राहिला.

वजन वाढलं नव्हतं. कमीच झालं होतं.

म्हणजे कागदावरची रेघ त्यांची एकट्यांची नव्हती. आवळलेल्या स्प्रिंगवरून वजनाचा अंदाज करणं त्यांच्या हातचा मळ. त्यांनी मनातल्या मनात फरक काढला.

तो आकडा त्यांना पाठ होता.

शेवटच्या दिवसांत दवाखान्यात नर्स रोज सकाळी माझ्या जावेचं वजन घ्यायची. भाऊजीच तिला उचलून काट्यावर ठेवायचे.

घरी पोचले तेव्हा ऊन पत्र्याच्या फटींतून आडवं आत येत होतं. दार लोटलं.

गाडी भिंतीला पट्ट्यांनी बांधलेली होती, ठेवून गेले होते तशीच.

वर कुणी बसलेलं नव्हतं.

आणि मागचं मडगार्ड…

खाली बसलेलं होतं.

घट्ट आवळलेली स्प्रिंग. रिकामी गाडी हलायलाही नको तिथे. तरी ती बसली होती, मागून, एकीकडे किंचित कलून.

बाहेरच्या रस्त्यावरचे आवाज थांबले होते. शेजारचा पंप रोज घरघरतो, तोही नाही. फक्त शिवणयंत्राच्या तेलाचा वास. ती नेहमी भाऊजींच्या डब्यातून ढापायची, तेच तेल.

भाऊजी तिथेच जमिनीवर बसले. गाडीच्या मागच्या चाकाशी, जिथे टेप घेऊन ती बसायची तिथे.

किती वेळ, त्यांना सांगता येईना. म्हणाले, "खोलीत कुणीतरी आहे, एवढंच वाटत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा."

त्यांना काहीही करायचं नव्हतं. तसंच बसून राहायचं होतं. पण ती तिथे असताना स्प्रिंग कशीही लावली तरी चुकणार होती. आवळून ठेवावी तर एकट्या पोरीला फेकणार. ढिली करावी आणि ही मागे बसलेली राहिली, तर मोठ्या उडीवरून उतरताना गाडी तळाला आदळणार. आणि रविवार परवावर आला होता.

शेवटी त्यांनी घसा खाकरला.

"अगं…"

खोली ऐकत होती.

"उतर आता. पोरीला चालवायचीय."

काही नाही.

"हट्ट नको करू. या गाडीला मागे जागा नाही गं. तुला माहितीये."

काही नाही.

मग ते जे बोलले ते मला सांगताना त्यांचा आवाज फुटला. "चुकलंच माझं. तुझ्यापुरती एक आणायला हवी होती. आणतो. पण हिला सोड."

आणि मडगार्ड…

हळूहळू…

वर आलं.

स्प्रिंग सुटली की गाडी उसळते, तशी नाही. कुणीतरी खांद्यावर हात टेकून, पायाखालचं बघत, जपून उतरावं तशी.

खिळ्याला टांगलेली टेप एकदा हलली. मग थांबली.

शेजारचा पंप घरघरू लागला.

भाऊजींनी चकती सैल केली. स्वतः बसून रेघ घेतली. मग रात्र पडायच्या आत माझ्या घरी आले, भिंगरीला आणि मला घेऊन गेले आणि तिच्या अंगावर पुन्हा माप घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी खिळ्यावरची टेप काढली आणि माझ्या हातात दिली.

"धरा, वहिनी. नीट मोजा."

मी मोजलं. तळहाताएवढं. बरोब्बर.

टेप गरम होती, पण तेव्हा मी ते बोलले नाही.

रविवारी भिंगरी पडली नाही. जिंकलीही नाही, पण शेवटपर्यंत गेली आणि सगळ्या उड्या हसत घेतल्या. "काका, आता माझी झाली," म्हणाली. भाऊजी मान हलवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती, पण घर अजून एकदा रिकामं झालेल्या माणसाची.

इथेच संपलं असतं तर मी हे सांगायला बसले नसते.

महिन्याभराने आमच्या गल्लीत एक जुनी मोटरसायकल आली. साधी. लांब, रुंद सीटची. वर भाऊजी. फाटकाशी थांबले.

"बाजारात निघालात ना, वहिनी? बसा मागे, सोडतो."

मी पुढे झाले.

मागचे पाय ठेवायचे दांडे दुमडलेले असतात ना, कुणी नसलं की? ते खाली पाडलेले होते. सीट उन्हात रिकामी होती. आणि भाऊजी, काडीसारखं माणूस, एकटे बसले होते तरी मडगार्ड खाली टेकायच्या बेतात…

"नको भाऊजी," मी म्हटलं. "चालते मी. गुडघ्यांना बरं."

त्यांनी आग्रह केला नाही. हसले. मग मान थोडी मागे वळवून, हलक्या आवाजात म्हणाले, "धर नीट."

ते मला नव्हतं.

तेव्हापासून त्या गाडीचा आवाज आला की मी बाहेर येते, आणि भाऊजींच्या तोंडाआधी मागच्या मडगार्डाकडे पाहते. ते खाली दिसलं की घाबरावं की बरं वाटून घ्यावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा ते असेच संध्याकाळी आले. गाडी फाटकासमोर उभी केली. इंजिन बंद केलं. हेल्मेटचा पट्टा सोडत ते अजून वरच बसलेले होते.

आणि त्यांच्या मागचं मडगार्ड हळूहळू वर आलं…



मी फाटक पुरतं उघडलं, आणि वाट सोडून बाजूला उभी राहिले.