फिलिमोनेचं भाषण

“यंदा मी बोलणार नाही,” नवऱ्याकडे न बघता लोसालिने म्हणाली, आणि अळूच्या पानांत मांस आणि नारळाचं दूध घालून पुरचुंड्या बांधत राहिली. फिलिमोनेने हातातला तापला दगड चुलखड्ड्यात सोडला. म्हणाला काहीच नाही. म्हणणार तरी काय, बावीस वर्षांत कधी म्हणाला होता!

आणि याच अबोलपणावर ती एके काळी भाळली होती... काव्हाच्या बैठकीत ती मुळ्यांच्या भुकटीचं ते पेय घोळून वाट्या भरायची, बाकीची पोरं तिच्यावर गाणी रचून फिदीफिदी हसायची, आणि हा एकटा मान खाली घालून वाटी दोन्ही हातांनी जपून परत द्यायचा. केवढा खोल माणूस, असं तिला वाटलं. खोल होताच तो. पण विहिरीत वाकून रोज हाका तरी किती मारायच्या?

हापाई बेटांवरच्या त्या गावात जानेवारीतल्या प्रार्थना-सप्ताहात ज्या घरी जेवण असेल, त्या घरच्या कर्त्याने उभं राहून आभाराचे शब्द बोलायचे असतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी फिलिमोनेने तिला स्वयंपाकाच्या खोपटामागे गाठलं होतं. चेहरा पांढराफटक. “तू बोल,” एवढंच म्हणाला. ती बोलली. मग दरवर्षी बोलली, लग्नांत बोलली, मयतीला बोलली... आणि गाव म्हणू लागलं, या बाईने नवऱ्याला मुठीत ठेवलंय. मोठी नणंद मेलेनाइते तर तोंडावर म्हणायची, आणि तिथल्या रीतीप्रमाणे भावाच्या घरात थोरल्या बहिणीचा शब्द सगळ्यांच्या वर. सासूने तोच सल मनात घेऊन डोळे मिटले. नवऱ्याची लाज झाकण्यासाठी लोसालिनेने सगळं सोसलं, खरी गोष्ट कधी कुणाला सांगितली नाही. दुःख त्याचं नव्हतं. त्याला सगळं ठाऊक असून तो गप्प राहिला, हेच काळजाला लागलं होतं. आता ती थकली होती. बुधवारचं ऑकलंडचं तिकीट होतं, मुलीच्या बाळंतपणासाठी. परत कधी, हे तिने सांगितलं नव्हतं, आणि यायचं तिच्या मनातही नव्हतं.

जेवणं झाली. गावातली वडीलधारी मंडळी बोलून खाली बसली. पाद्रीबाबांनी सवयीने लोसालिनेकडे पाहिलं; तिने नजर ताटातून उचलली नाही.

“काय गं, आज जीभ कुठे ठेवून आलीस?” मेलेनाइते म्हणाली. “बोल ना, या घरातला पुरुष तूच की.”

पंगत हसली. आणि फिलिमोने उभा राहिला.

मानाच्या प्रसंगी कमरेला गुंडाळतात ती चटई त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरली होती. कितीतरी वेळ नुसता ओठ हलवत राहिला...

“ताई,” तो म्हणाला, आणि सगळे चपापले, कारण थोरल्या बहिणीचा शब्द त्या गावात कुणी चारचौघांत खोडत नाही. “ती पुढे पुढे करत नाही. मीच तिला ढकलतो. मला माणसांची भीती वाटते... आईला हे सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. बोलणी तिने खाल्ली, आणि मी बघत राहिलो.”

तो मटकन खाली बसला. आभार राहूनच गेले.

“पाद्रीबाबांचं नाव तरी घ्यायचंस, मेल्या,” मेलेनाइते पुटपुटली, पण तिने तोंड हाताआड केलं होतं, आणि डोळे भरून आले होते.

खोपटामागे तो ओकून गळून बसलेला लोसालिनेला सापडला. तिने त्याला पाणी दिलं. चार वाक्यांनी बावीस वर्षांचा शीण कसा उतरेल? तो शीण तसाच होता.

“बुधवारी जाते मी.”

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, “परत...?”

इतकंच. पुढचं त्याच्याने होईना. ती त्याच्या शेजारी टेकली.

“येईन. बाळ तीन महिन्यांचं झालं की,” ती म्हणाली. “रोज संध्याकाळी फोन करीन. तू बोलणार नाहीस, मला माहीत आहे. नुसता कानाला धरून बस. तू आहेस एवढं कळलं तरी पुरे.”

“धरीन,” तो म्हणाला.

लोसालिने आणखी काही सांगणार होती, सामानाचं, डुकरांच्या खाण्याचं... पण सगळ्यांच्या वतीने बोलत आलेल्या त्या बाईच्या तोंडून शब्द फुटेना. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.