हिरव्या गाडीचा तिसरा बिघाड

"चिमणे, लगेच ये. तुझा बाप कामातून गेला गं."

फोनवरचा मिस्त्रींचा आवाज ऐकून चिमणीने हातातलं मायक्रोमीटर खाली ठेवलं. चिमणी हे नुसतं लाडाचं नाव. बाई पंचेचाळिशीची, अंगापिंडाने भक्कम, कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणारी. केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे.

"काय झालं बाबा?"

"गाडी परत बंद. चूक माझीच. आणि मी काय केलं तेच मला आठवत नाही."

रजा टाकून ती वकीलसाहेबांच्या बंगल्यामागच्या शेडमध्ये पोचली. मिस्त्री स्टुलावर बसले होते, हात मांडीवर निर्जीव पडलेले.

समोर ती गाडी उभी होती. इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, उघड्या टपाची. वकिलीणबाईंच्या वडिलांची ही गाडी चाळीस वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. निवृत्त झाल्यावर वकीलसाहेबांनी तिला पुन्हा उभं करायचा ध्यास घेतला आणि मिस्त्रींनी आठ महिने खपून इंजिनापासून ब्रेकपर्यंत सगळं उघडून पुन्हा बसवलं. रविवारी साहेब स्वतः ती चालवत फाटकाबाहेर काढणार होते. फाटकासमोर शाळेचं मैदान होतं आणि पोरं चेंडूमागे सरळ रस्त्यावर धावत.

"आधी स्पार्क प्लगच्या दोन वायरी उलटसुलट निघाल्या," मिस्त्री म्हणाले. "आज ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमध्ये कागदाचा कपटा सापडला. पॉइंट मी कागदानेच पुसतो. म्हणजे विसरलोच की नाही? पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. डॉक्टरकडे मेंदू तपासून घेतो आणि हत्यारांची पेटी पेंटरला देऊन टाकतो."

पेंटर कोपऱ्यात डाव्या मडगार्डला रंगाआधीचं करडं अस्तर मारत होता. बाकी गाडी गर्द हिरवी झाली होती.

"मी केव्हाचा सांगतोय, आराम करा," तो म्हणाला. "शेड मी सांभाळतो."

चिमणीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग बाह्या सरसावल्या.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाप-लेक दिवसभर राबले. इंजिनाला पेट्रोल-हवा पुरवणारे दोन कार्बोरेटर होते. प्रत्येकावर घंटेसारखी एक टोपी, आत वरखाली होणारा पिस्टन. टोपी आणि पिस्टन एकमेकांशी जुळवून घासलेले. एकाची टोपी दुसऱ्याला घातली की पिस्टन अडकलाच म्हणून समजा. मिस्त्रींनी एका जोडीला आतून एक टिंब ठोकलं होतं, दुसरीला दोन. चिमणीने चारही भाग मोजले आणि आकडे वहीत लिहिले.

पाच वाजता इंजिन पहिल्याच फेऱ्याला लागलं. इतकं सुरळीत, की पेंटरनेही हातातला ब्रश थांबवला.

आवाज ऐकून वकीलसाहेब आले. डाव्या मडगार्डवर थोपटून म्हणाले, "वा! काय खुललाय हिरवा रंग! असं झळकायला हवं."

पेंटर खो खो हसला. साहेबांचा थट्टेखोर स्वभाव सगळ्यांना ठाऊक होता.

त्या रात्री चिमणीने बापाला आपल्याकडेच ठेवून घेतलं. शनिवारी सकाळी दोघं शेडमध्ये आले. इंजिन दोन वेळा खोकलं आणि गप्प झालं.

चिमणीने दार लावून घेतलं आणि टोप्या काढल्या. एका टिंबाची टोपी दोन टिंबांच्या पिस्टनवर बसली होती.

"बघितलंस?" मिस्त्रींचा आवाज फुटला. "मीच केलं ना हे?"

"बाबा, काल असं असतं तर गाडी लागलीच नसती. आणि पाचनंतर तुम्ही माझ्या नजरेसमोरून हलला नाहीत."

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस." त्यांनी तोंड फिरवलं. "आई गेली तेव्हाही असंच खोटं बोलली होतीस."

पुरावा समोर होता आणि ज्याच्यासाठी तो, त्या माणसाचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. आता हे करणाऱ्याचं नाव हाती लागल्याशिवाय बाप परत मिळणार नव्हता.

तिने पेंटरला बाहेर गाठलं.

"काल शेडमधून शेवटी कोण निघालं?"

"मीच. साडेसहाला. किल्ली बंगल्यात दिली."

"कुणाच्या हातात?"

"बाईंच्या. रोज त्याच घेतात. ताई, माझ्यावर संशय आहे का?"

"शेडमधलं काम तुम्हाला हवंच आहे."

"हवं आहे. पण मला गाडी बिघडवायची असती तर टाकीत मूठभर साखर टाकली असती. वायरी उलट्या लावायची अक्कल आहे कुणाला?"

उत्तर उद्धट होतं, पण खोटं वाटत नव्हतं.

वकिलीणबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले.

"बाई, गाडी आजही चालू होत नाही," चिमणी एवढंच म्हणाली.

"अरेरे. मिस्त्रींना बोलू नका हं. एवढ्याशा टिंबांच्या खुणा, म्हातारपणी दिसणार कशा? साहेबांना म्हणावं, आता नाद सोडा."

"हो," चिमणी म्हणाली आणि मागे फिरली.

दुपारी तिने चौघांना शेडमध्ये जमवलं.

"तीन बिघाड झाले," ती म्हणाली. "तिन्हींनी गाडी थांबली, पण एकानेही काही मोडलं नाही. सगळं पाच मिनिटांत पूर्ववत होण्यासारखं. ज्याने केलं त्याला या इंजिनाची खडान्‌खडा माहिती आहे आणि गाडीवर मायाही आहे. त्याला गाडी फक्त फाटकाबाहेर जाऊ द्यायची नव्हती. शेडची किल्ली रोज बाईंकडे असते. आज टोप्या बदललेल्या निघाल्या हे मी बाबांखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. तरी बाई टिंबांबद्दल बोलल्या."

"काय बडबडतेस!" वकीलसाहेब गरजले. "हिला स्क्रू कुठला, खिळा कुठला ते कळत नाही!"

"मला वडिलांनी याच इंजिनावर काम शिकवलं, गाडी चालवायलाही," वकिलीणबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"पण का?" मिस्त्री कसेबसे उठले.

चिमणी वकीलसाहेबांकडे वळली. "साहेब, काल तुम्ही ज्या मडगार्डवर थोपटलंत, त्याचा रंग कोणता?"

"हिरवा. अर्थात."

कुणीच हसलं नाही. पेंटर हातातल्या करड्या डबड्याकडे बघत राहिला.

साहेबांचा हात चाचपडत मडगार्डवर आला. अस्तराच्या खरखरीत थरावरून बोटं फिरली आणि थांबली.

"सहा महिने झाले," वकिलीणबाई म्हणाल्या. "समोर नुसतं धुकं दिसतं त्यांना. डॉक्टरांनी बजावलं, तरी ऐकेनात. कुणाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी शपथ घातली. समोर ती पोरं खेळतात. मी करू तरी काय?"

वकीलसाहेब खाली बसले. "एकदाच," ते पुटपुटले. "सगळा अंधार व्हायच्या आत एकदाच चालवायची होती."

मिस्त्री बाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"बाई, गाडी बंद पाडलीत, त्याचं काही नाही. पण मला का बंद पाडलंत? तीन दिवस झाले, आरशात बघायची भीती वाटते मला."

बाईंनी हात जोडले. मिस्त्रींनी ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग मिस्त्रींनी दोन्ही टोप्या बाईंपुढे धरल्या.

"तुम्ही काढल्यात, तुम्हीच बसवा. मी बघतो."

बाईंनी पदर खोचला. बोटं आधी अडखळली, मग सरावाने चालू लागली. शेवटचा स्क्रू आवळून त्या चाकामागे बसल्या आणि साहेबांना म्हणाल्या, "या बाजूला बसा. रस्ता मी सांगत जाईन."

साहेब उठले, गाडीला वळसा घालून गेले आणि दाराची कड धरून सावकाश आत उतरले. बाईंनी बटण दाबलं. इंजिन लागलं.

मिस्त्री डोळे मिटून ऐकत राहिले. एकदम कपाळाला आठी पडली.

"थांबा. मागच्या कार्बोरेटरला पेट्रोल जास्त जातंय. चिमणे, स्क्रू ड्रायव्हर आण. लहान नको, मधला."

चिमणी पेटीकडे वळली आणि तिथेच, पाठमोरी, डोळे पुसत राहिली.

"अगं, आणतेस ना?" बाप ओरडला.